बॅटन आजारातलं गायब प्रोटीन, मॅनोज-६-फॉस्फेटचा कॉलम आणि टीपीपी१ची चाचणी: काही प्रश्न

जीवरसायन_२६

एम.एस्सी. जीवरसायनाच्या शेवटच्या सत्रात लायसोसोमच्या (पेशीतल्या टाकाऊ पदार्थ मोडणाऱ्या पिशवीच्या) साठवण-आजारांवर सेमिनार आहे, आणि त्यालाच जोडून एक छोटा प्रकल्प. सेमिनारसाठी पीटर लोबेल आणि डेव्हिड स्लीट यांचं न्यू जर्सीतलं काम घेतलं आहे. लहान मुलांच्या बॅटन या मेंदू झिजवणाऱ्या आजारातल्या सीएलएन२ प्रकारात नेमकं कोणतं प्रोटीन नसतं, हे त्यांच्या गटाने १९९७ मध्ये शोधलं. प्रकल्पात त्याच प्रोटीनची, म्हणजे टीपीपी१ या एन्झाइमची, पांढऱ्या पेशींमधली चाचणी बसवायची आहे.

पहिला प्रश्न: जनुक माहीत नाही, एन्झाइम कोणतं ते माहीत नाही, ते कशावर काम करतं तेही माहीत नाही. अशा वेळी "काय नाही" हे शोधायचं कसं? पेपर वाचून पायऱ्या कळतात, पण त्याच पायऱ्या का निवडल्या ते उमगत नाही.

दुसरा: मॅनोज-६-फॉस्फेट ही लायसोसोमच्या प्रोटीनांवरची साखरेची खूण ओळखणाऱ्या रिसेप्टरचा कॉलम (ती प्रोटीनं धरून ठेवणाऱ्या रेझिनची नळी) साध्या प्रयोगशाळेत बसवता येतो का, आणि तो कुठे फसतो?

तिसरा: चाचणीत निरोगी माणसांच्या नमुन्यांचे आकडे दर खेपेला निराळे येतात, कधी कधी निम्मेच. तुलनेसाठी सीएचओ पेशी (हॅमस्टरच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या) ज्या द्रवात वाढतात त्यातून मिळवलेलं शुद्ध टीपीपी१ वापरलं, तर ते सुरुवातीला जवळजवळ मृत दिसतं, आम्लात ठेवल्यावर उत्तम चालतं, आणि पीबीएस या तटस्थ खारट बफरमध्ये फ्रिजात ठेवून दुसऱ्या दिवशी वापरलं की पुन्हा काहीच नाही.

चौथा: या विषयात पीएच.डी. करायची तर कोणती तंत्रं आधी हातात बसलेली असावीत?

प्रथिनशास्त्री

पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९९७ च्या पेपरात नाही, त्याच्या आधीच्या तीस वर्षांत आहे. सेमिनारची सुरुवात तिथूनच करा, नाहीतर ऐकणाऱ्याला तो शोध हातचलाखीसारखा वाटेल.

१९६८ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या गटाने हर्लर आणि हंटर या दोन वेगळ्या आजारांच्या रुग्णांच्या त्वचापेशी एकत्र वाढवल्या. दोघींमध्येही साचलेल्या, न मोडलेल्या साखरसाखळ्यांचा साठा कमी झाला. म्हणजे एका पेशीतून बाहेर पडलेला घटक दुसरी पेशी आत घेऊन लायसोसोमपर्यंत पोचवत होती. १९७२ मध्ये हिकमन आणि न्यूफेल्ड यांनी आय-सेल आजाराच्या पेशी तपासल्या. त्या पेशी इतरांची एन्झाइमं व्यवस्थित आत घेत, पण त्यांनी बाहेर सोडलेली एन्झाइमं मात्र कोणीच घेत नसे. एकाच वेळी इतकी एन्झाइमं नाकारली जातात, त्या अर्थी त्या सगळ्यांवर असायला हवी अशी एक सामाईक खूण या पेशींत लागत नाही, असा निष्कर्ष निघाला. १९७७ मध्ये विल्यम स्लाय यांच्या गटाने ही खूण मॅनोज-६-फॉस्फेट असल्याचं दाखवलं. पुढे १९८१ मध्ये रायटमन आणि कॉर्नफेल्ड यांनी ती खूण लावणारं फॉस्फोट्रान्सफरेज आय-सेल रुग्णांत नसतं हे सिद्ध केलं.

ही खूण ओळखणारे दोन रिसेप्टर पेशीत आहेत. एक सुमारे ३०० किलोडाल्टनचा, दुसरा सुमारे ४६ चा. लोबेल सेंट लुइसला स्टुअर्ट कॉर्नफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत होते, तिथे गायीच्या मोठ्या रिसेप्टरचं क्लोनिंग झालं (१९८७). पुढे पिस्कॅटवेच्या सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड बायोटेक्नॉलॉजी अँड मेडिसिनमध्ये त्यांनी तोच रिसेप्टर हत्यार म्हणून वापरला. माझ्या मते या कारकिर्दीचं मर्म इथे आहे. जो रेणू आधी अभ्यासाचा विषय होता, त्याच्याच मदतीने पुढे आजार शोधले गेले.

आता "त्याच पायऱ्या का" ते पाहू. सीएलएन२ अप्रभावी वारशाने येतो, तेव्हा एखादं प्रोटीन नसल्यामुळे किंवा निकामी असल्यामुळे तो होत असण्याची शक्यता मोठी. साठा लायसोसोममध्ये दिसतो, म्हणून ते प्रोटीन लायसोसोममधलं असावं. लायसोसोममध्ये विरघळलेल्या स्थितीत असणारी प्रोटीनं ढोबळमानाने साठ, आणि त्यांतल्या बहुतेकांवर एकच खूण. मग प्रत्येकाची वेगळी चाचणी करण्यापेक्षा खुणेवरून सगळी एकदम समोर आणायची आणि रुग्णाचा मेंदू व निरोगी मेंदू यांचे नकाशे शेजारी ठेवायचे. द्विमितीय जेलवर प्रोटीनं वेगळी केली, कागदासारख्या पातळ पटलावर उतरवली आणि किरणोत्सारी आयोडीन लावलेला रिसेप्टर वापरून फक्त खूणवाली प्रोटीनं उजळवली. सीएलएन२ च्या नमुन्यांत ४६ किलोडाल्टनच्या आसपासचा एक ठिपका नव्हता.

मेंदूच निवडण्यामागेही रसायनशास्त्र आहे. बहुतेक ऊतींमध्ये प्रोटीन लायसोसोममध्ये पोचल्यावर खुणेवरचा फॉस्फेट काढून टाकला जातो. हे काम आम्ल फॉस्फटेज ५ करतं, असं याच गटाने २००८ मध्ये दाखवलं. मेंदूत मात्र खूण मोठ्या प्रमाणात टिकून राहते, हे त्यांना उंदराच्या मेंदूवरच्या १९९६ च्या कामातून माहीत होतं. यकृत घेतलं असतं, तर पुष्कळ ठिपके निरोगी नमुन्यातच फिके दिसले असते.

पुढचं काम भराभर झालं. निरोगी मेंदूतून ते प्रोटीन कॉलमवर शुद्ध केलं, एन-टोकाचा अमिनो आम्लक्रम काढला, तो उपलब्ध ईएसटी (आरएनएपासून काढलेल्या जनुकतुकड्यांच्या) माहितीसाठ्याशी जुळवला, जनुक मिळालं. सीएलएन२ ची जागा ११व्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर असल्याचं आनुवंशिक अभ्यासातून कळलेलंच होतं, हे जनुकही तिथेच निघालं आणि रुग्णांत उत्परिवर्तनं सापडली. आम्लक्रम जिवाणूंमधल्या, पेप्स्टॅटिन या रोधकाला न जुमानणाऱ्या प्रोटिएजांशी (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमांशी) मिळताजुळता होता. तपासलं तर रुग्णांच्या मेंदूत नेमकी तीच क्रिया हरवलेली. हेच प्रोटीन म्हणजे आधीपासून माहीत असलेलं ट्रायपेप्टिडिल पेप्टिडेज-१, हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. जिवाणूंच्या त्या नातेवाइकांना तेव्हा कार्बॉक्सिल प्रोटिएज म्हणत, पण टीपीपी१ सेरीन प्रोटिएज निघालं. क्रियेचं केंद्र ४७५ व्या सेरीनवर. साम्यावरून यंत्रणा गृहीत धरू नये, याचं सेमिनारला सांगण्याजोगं उदाहरण आहे हे.

एक मर्यादाही जरूर सांगा. ही रीत "नसलेलं" प्रोटीन शोधते. उत्परिवर्तनाने प्रोटीन तयार होऊन, खूण लागून, जागेवर पोचून फक्त क्रिया गमावली असेल, तर ठिपका दिसतच राहील आणि आपण फसू. सीएलएन२ मध्ये वारंवार सापडणारी दोन उत्परिवर्तनं अशी आहेत की प्रोटीन नीट बनतच नाही. एकाने आरएनएची जोडणी बिघडते, दुसऱ्याने २०८ व्या आर्जिनिनच्या जागी प्रोटीनची बांधणी थांबवणारा संकेत येतो. म्हणून तिथे ही रीत चालली.

नीमन-पिक सी आजाराच्या दुसऱ्या गटात (एनपीसी२, वर्ष २०००) तर्क थोडा निराळा होता, तोही घ्या. खूणवाल्या प्रोटीनांच्या यादीत एचई१ आलं. हे प्रोटीन एपिडिडिमिसच्या (वृषणाजवळच्या शुक्राणू-नळीच्या) स्रावातलं म्हणून आधीच माहीत होतं, कोलेस्टेरॉलला चिकटतं हेही माहीत होतं. नीमन-पिक सी मध्ये पेशींत कोलेस्टेरॉल अडकतं. या दोन गोष्टी शेजारी ठेवून रुग्णांच्या त्वचापेशी तपासल्या, तर एनपीसी१ च्या रुग्णांत एचई१ होतं आणि एनपीसी२ च्या रुग्णांत नव्हतं. बाहेरून शुद्ध प्रोटीन दिल्यावर साचलेलं कोलेस्टेरॉल कमी झालं. १९६८ च्या प्रयोगाचंच हे पुढचं रूप.

कॉलमकर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कॉलम साध्या प्रयोगशाळेत होतो, पण रिसेप्टर मिळवण्यातच निम्मी मेहनत आहे. मोठ्या रिसेप्टरचा पटलाबाहेरचा भाग तुटून रक्तात फिरतो, त्यामुळे गायीच्या गर्भाच्या सीरममध्ये तो विरघळलेल्या रूपात मिळतो. यीस्टच्या फॉस्फोमॅननपासून बनवलेल्या रेझिनवर सीरम सोडायचं, रिसेप्टर चिकटतो, मॅनोज-६-फॉस्फेटने सोडवायचा. मग तो एनएचएस प्रकारच्या सक्रिय (प्रोटीनच्या अमाइन गटाला घट्ट धरणाऱ्या) अ‍ॅगरोजवर कायमचा बांधायचा, दर मिलिलिटर रेझिनला १ ते ३ मिलिग्रॅम.

सगळ्यात जास्त वेळा इथेच घात होतो. रिसेप्टर ट्रिस बफरमध्ये असेल, तर ट्रिसमधला अमाइन गटच रेझिनला जाऊन चिकटतो आणि रिसेप्टर तसाच वाहून जातो. ग्लायसिनचंही तेच. बांधण्याआधी हेपेस किंवा बायकार्बोनेटमध्ये दोनदा डायलिसिस करा. बांधणीनंतर वरच्या द्रवातलं प्रोटीन मोजलं, तर किती बांधलं गेलं ते लगेच कळतं. उरलेल्या सक्रिय जागा शेवटी इथेनॉलअमाइनने बंद करायच्या.

ऊतीच्या बाजूने: १ ग्रॅम गोठलेल्या मेंदूला १० मि.लि. बफर. फॉस्फेट सलाइन पीएच ७.४, १ टक्का ट्वीन-२०, ५ मिलिमोलर ईडीटीए, ५ मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि प्रोटिएज रोधक. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट विसरायचं नाही. ऊती फोडल्याबरोबर फॉस्फटेज मोकळी होतात आणि खुणेवरचा फॉस्फेट काढू लागतात, हा पदार्थ त्यांना गुंतवून ठेवतो. ईडीटीएची भीती नको, मोठ्या रिसेप्टरला धातूचे आयन लागत नाहीत. पीएच मात्र सांभाळा. ६ ते ७.४ मध्ये रिसेप्टर धरतो, ५.५ च्या खाली सोडतो. पेशीतही एन्झाइमं तो असाच आम्लात सोडतो. सगळं काम ४ अंशावर.

गाळ बसवून वरचा द्रव ०.४५ मायक्रॉनमधून गाळा, नाहीतर मेंदूतल्या चरबीने कॉलम तुंबतो. हळूहळू सोडा, २० पट घनफळाने धुवा. त्यानंतर आधी १० मिलिमोलर ग्लुकोज-६-फॉस्फेट, मगच १० मिलिमोलर मॅनोज-६-फॉस्फेट. ग्लुकोजवाल्या पायरीला जे सुटतं ते केवळ विद्युतभाराने किंवा चिकटपणाने अडकलेलं असतं. ही पायरी गाळली, तर मिळालेल्या यादीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मॅनोज-६-फॉस्फेट आत गेल्यावर प्रवाह अर्धा तास बंद ठेवा, जास्त प्रोटीन सुटून येतं.

मास स्पेक्ट्रोमेट्रीला पाठवायचं असेल, तर सोडवण्याआधीचे शेवटचे धुणे ट्वीनशिवाय घ्या. ट्वीनचे पॉलिमर सगळा आलेख झाकून टाकतात. प्रोटीन दाट करायच्या गाळणीची मर्यादा ३० किलोडाल्टनची ठेवलीत, तर एनपीसी२ सारखी छोटी प्रोटीनं निसटून जातील, १० ची घ्या.

आता यादी कशी वाचायची. कॉलमवर आलेलं प्रत्येक प्रोटीन लायसोसोमचं नसतं. सिस्टॅटिनसारखे रोधक कॅथेप्सिनला (लायसोसोममधल्या प्रोटिएजला) धरून त्याच्याबरोबर येतात. त्यासाठी कॉलमवरून सुटलेल्या प्रोटीनांचे पटलावर दोन सारखे पट्टे करा. एकावर नुसता खूणशोधक, दुसऱ्यावर तोच शोधक आणि १० मिलिमोलर मॅनोज-६-फॉस्फेट. दुसऱ्यावर नाहीशा होणाऱ्या रेषाच खऱ्या. शोधक म्हणून हल्ली किरणोत्सारी आयोडीन टाळून बायोटिन लावलेला रिसेप्टर किंवा खुणेविरुद्धची एकशृंखल प्रतिपिंडं वापरतात. पेरॉक्सिडेजने उजळवणार असाल, तर बफरमध्ये सोडियम अझाइड नको, ते पेरॉक्सिडेज मारतं.

याच्या उलटही खरं: कॉलमवर न आलेलं प्रोटीन लायसोसोमचं नाही, असं म्हणता येत नाही. एनपीसी१, सीएलएन३ यांसारखी पटलातली प्रोटीनं या वाटेने जातच नाहीत. गोशे आजारातलं ग्लुकोसेरेब्रोसिडेज लिंप-२ या दुसऱ्या प्रोटीनचं बोट धरून लायसोसोममध्ये पोचतं.

पेशी ज्या द्रवात वाढतात त्या माध्यमातून प्रोटीनं गोळा करायची असली, तर १० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड घालतात, त्याने आम्लता उतरते आणि नवी एन्झाइमं बाहेर पडतात. त्या वेळी माध्यमात सीरम अजिबात नको. सीरममधला गायीचा विरघळलेला रिसेप्टर तुमचीच प्रोटीनं धरून बसेल.

निदानकक्ष

तिसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहिते. आकडे हलतात ते बहुतेक वेळा नमुन्यामुळे, चाचणीच्या रसायनामुळे क्वचित.

आधी रक्त. ईडीटीए किंवा हेपारिनमधलं ५ मि.लि. रक्त, शक्यतो २४ तासांच्या आत. डेक्स्ट्रानने तांबड्या पेशी खाली बसवा, वरचा थर घ्या, उरलेल्या तांबड्या पेशी अमोनियम क्लोराइडने फोडा, गोळी सलाइनने धुवा. गोळी गुलाबी असेल तर पुन्हा फोडा आणि पुन्हा धुवा. हा हट्ट करायचं कारण असं: हिमोग्लोबिन दोन बाजूंनी आकडा खाली ओढतं. ते प्रोटीन म्हणून मोजलं जातं, म्हणून दर मिलिग्रॅममागची क्रिया घटते. शिवाय ४१५ नॅनोमीटरच्या आसपास त्याचं शोषण जबर असल्यामुळे चाचणीत मोजायची चमकही गिळतं. निरोगी नमुना एखाद्या दिवशी निम्मा दिसतो त्याचं पहिलं संशयित हेच. पांढरी गोळी ऋण ८० अंशावर ठेवता येते.

गोळी ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० मध्ये, बर्फावर, थोडे थोडे सेकंद सोनिकेट करा, मग गाळ काढून टाका. प्रोटीन मोजायला बीसीए वापरा. ट्रायटन असताना ब्रॅडफर्ड खोटे आकडे देतं.

चाचणी अशी: सब्स्ट्रेट अ‍ॅलनिन-अ‍ॅलनिन-फिनाइलअ‍ॅलनिन-एएमसी (एन्झाइमने तोडल्यावर सुटून चमकणारा रंग म्हणजे एएमसी), २५ मिलिमोलर, डीएमएसओमध्ये. तो ८० पट पातळ करायचा, म्हणजे ३१२.५ मायक्रोमोलर. पातळ करायला ०.१ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट पीएच ४.०, ०.१५ मोलर मीठ, ०.१ टक्का ट्रायटन. काळ्या ९६-खणी प्लेटमध्ये २० मायक्रोलिटर अर्क (५ ते १० मायक्रोग्रॅम प्रोटीन) आणि ८० मायक्रोलिटर हे मिश्रण. अंतिम सब्स्ट्रेट २५० मायक्रोमोलर, डीएमएसओ सुमारे १ टक्का. ३७ अंश, दर मिनिटाला एक वाचन, अर्धा तास. उद्दीपन ३६० ते ३८०, उत्सर्जन ४६० नॅनोमीटर. मिश्रण आधी ३७ अंशावर आणून मगच घाला, नाहीतर पहिली काही मिनिटं रेषा वाकडी येते.

पेप्स्टॅटिन ए आणि ई-६४ हे रोधक मिश्रणात घालून ठेवा. टीपीपी१ वर त्यांचा परिणाम होत नाही, पण कॅथेप्सिन गप्प बसतात. पेशीद्रवातलं टीपीपी२ हाच सब्स्ट्रेट तोडतं, मात्र ते तटस्थ पीएचचं एन्झाइम आहे. पीएच ४ ला त्याची अडचण नाही. बफर तयार केल्यावर पीएच मीटर आम्ल बाजूच्या मानकावर (पीएच ४.०१) जुळवलेला होता ना, एवढं पाहा. मीटर फक्त ७ वर जुळवून काम भागवलं, तर पीएच ४ चा बफर कधी ३.७ निघतो, कधी ४.३.

हिशेब रेषेच्या सरळ भागावरच. १०० मायक्रोलिटरमध्ये सब्स्ट्रेट २५ नॅनोमोल आहे. त्यातला दहावा भाग, म्हणजे २.५ नॅनोमोल संपला की वेग पडायला लागतो, त्यापुढची वाचनं घेऊ नका. समजा ५ मायक्रोग्रॅम प्रोटीनने अर्ध्या तासात ०.२५ नॅनोमोल एएमसी सोडलं, तर क्रिया दर तासाला दर मिलिग्रॅममागे १०० नॅनोमोल. एएमसीची मानक रेषा नुसत्या बफरमध्ये काढू नका. उकळून निष्क्रिय केलेला तोच अर्क, त्याच प्रमाणात घालून काढा, म्हणजे अर्काने गिळलेली चमक आपोआप धरली जाते.

शेजारी दुसरं लायसोसोमल एन्झाइम मोजल्याशिवाय टीपीपी१ चा कमी आकडा कुणालाही कळवायचा नाही. बीटा-गॅलॅक्टोसिडेज सोपं पडतं. दोन्ही कमी आले तर नमुना प्रवासात बिघडलेला आहे, नवा मागवा. टीपीपी१ एकटंच जवळजवळ शून्य असेल, तर नव्या नमुन्यावर पुन्हा चाचणी आणि मग जनुकतपासणी. वाहकांची क्रिया निम्म्याच्या आसपास असते आणि निरोगी माणसांच्या खालच्या टोकाशी मिसळते, त्यामुळे नुसत्या चाचणीवर कुणाला वाहक ठरवू नये.

इथे एक सापळा आहे. बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा सब्स्ट्रेट ४-मिथाइलअंबेलिफेरॉनचा असतो. हा रंग आम्लात नीट चमकत नाही, त्याचा पीकेए सुमारे ७.८. म्हणून क्रिया पीएच १०.७ च्या कार्बोनेटने थांबवून मगच वाचायची, उद्दीपन ३६५, उत्सर्जन ४५० च्या आसपास. एएमसी आम्लातही चमकतं, म्हणून ते चालू क्रियेतच वाचता येतं. दोन चाचण्या एकाच प्लेटवर घेऊन एकदम वाचल्या, तर बीटा-गॅलॅक्टोसिडेज खोटं कमी दिसतं आणि चांगला नमुना फेकला जातो.

कागदावर सुकवलेल्या रक्तावरही ही तपासणी होते. ३.२ मि.मी.च्या टिकलीत साधारण ३ मायक्रोलिटर रक्त असतं. खोलीच्या तापमानाला, उन्हापासून दूर, तीन-चार तास पूर्ण सुकवायचं, मग ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पाकिटात थंड जागी. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणाच कागद ओला करतो. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की एन्झाइमं झपाट्याने मरतात. पाकिटात आर्द्रता दाखवणारं कार्ड घाला. ते रंग बदलून आलं, तर नमुना न वापरता परत मागवा.

आय-सेलचा रुग्ण हाताशी आला, तर तो याच चाचण्यांत ओळखू येतो: त्वचापेशींत बरीच एन्झाइमं कमी, आणि प्लाझ्मामध्ये तीच कित्येक पट जास्त. खूण नसल्यामुळे सगळी बाहेर सांडलेली असतात.

जीवरसायन_२६

मनापासून आभार. बफर आणि मानक रेषेचं लगेच करून पाहतो. निदानकक्ष, सीएचओ पेशींच्या एन्झाइमचं कोडं मात्र राहिलं. आम्लात चालतं, दुसऱ्या दिवशी मरतं, असं का? पांढऱ्या पेशींचा अर्कही आधी आम्लात ठेवावा लागेल का?

प्रथिनशास्त्री

मी उत्तर देतो, कारण यात औषधाचाही धागा आहे.

टीपीपी१ एकूण ५६३ अमिनो आम्लांचं बनतं. पहिली १९ संकेताची (प्रोटीनला वाट दाखवून कापली जाणारी), पुढची १७६ आवरणाची, उरलेली ३६८ म्हणजे खरं एन्झाइम. पेशी बाहेर सोडतात ते आवरणासकट, सुमारे ६६ किलोडाल्टनचं आणि निष्क्रिय. पीएच ३.५ च्या आसपास ते स्वतःच आवरण कापून ४६ किलोडाल्टनचं सक्रिय रूप घेतं. त्यासाठी ०.१ मोलर फॉर्मेट पीएच ३.५, ०.१५ मोलर मीठ, ०.१ टक्का ट्रायटन, ३७ अंशावर एक तास. म्हणून तुमचं माध्यमातलं एन्झाइम सुरुवातीला मृत वाटतं. पांढऱ्या पेशींत ते लायसोसोममध्ये आधीच सक्रिय झालेलं असतं, तिथे ही पायरी नको.

आवरण गेलं की एन्झाइम आम्लात टिकतं, पण तटस्थ पीएचला त्याची घडी मोडते. पीबीएस म्हणजे तेच. आवरणासकटचं रूप मात्र तटस्थ पीएचला भक्कम असतं. तेव्हा साठा नेहमी आवरणासकट, तटस्थ बफरमध्ये, छोट्या कुप्यांत गोठवून ठेवा आणि त्या दिवशी लागेल तेवढंच आम्लात सक्रिय करा. उरलेलं टाकून द्या.

हाच गुण उपचाराला कामी आला. लिन आणि लोबेल यांनी २००१ मध्ये सीएचओ पेशींतून आवरणासकटचं मानवी टीपीपी१ काढलं. त्यावर मॅनोज-६-फॉस्फेट होतं, आणि रुग्णांच्या पेशींनी ते आत घेतलं. मेंदूभोवतीचा द्रव तटस्थ असतो, तिथे आवरणवालं एन्झाइम तग धरतं. पेशीने आत घेतल्यावर लायसोसोमच्या आम्लात ते आपोआप सक्रिय होतं. पुढे जनुक नसलेल्या उंदरांवर आणि नैसर्गिकरीत्या हाच दोष असलेल्या डॅक्सहुंड कुत्र्यांवर काम झालं. सर्लिपोनेज अल्फा हे औषध अमेरिकेत २७ एप्रिल २०१७ ला मंजूर झालं. नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी, डोक्याच्या त्वचेखाली बसवलेल्या कुपीतून थेट मेंदूच्या पोकळीत, सुमारे साडेचार तास. शिरेतून दिलं तर रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २४ मुलांच्या चाचणीत चालणं आणि बोलणं यांची घसरण मंदावली. डोळ्यांपर्यंत मात्र ते पुरेसं पोचत नाही, दृष्टी जातच राहते. सेमिनारमध्ये ही बाजू लपवू नका. रेटिनापर्यंत एन्झाइम पोचवणं हे आजही उघडं काम आहे.

कॉलमकर

चौथ्या प्रश्नाचं थोडक्यात. मास स्पेक्ट्रोमेट्री शिकाच, पण आधी पेशी फोडून लायसोसोम वेगळं करणं आणि ते शाबूत आहे हे सिद्ध करणं हाताला बसू द्या. ख्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी लुव्हाँला लायसोसोम शोधलं ते याच एका निरीक्षणावरून: यकृताचा ताजा अर्क आम्ल फॉस्फटेजची क्रिया कमी दाखवायचा, आणि फ्रिजात काही दिवस राहिला की जास्त. कारण एन्झाइम पटलाच्या आत बंद होतं.

तीच मोजणी आजही गुणवत्तेची कसोटी आहे. ०.२५ मोलर सुक्रोजमध्ये सैल मुसळाच्या होमोजेनायझरने हलके फटके, १००० जी वर दहा मिनिटं, केंद्रकं खाली, वरचा द्रव घ्या. त्यातल्या एका भागात बीटा-हेक्सोसअमिनिडेज तसंच मोजा, दुसऱ्यात ०.१ टक्का ट्रायटन घालून. मोजणीतही ०.२५ मोलर सुक्रोज ठेवा आणि वेळ दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, नाहीतर लायसोसोम मोजता मोजताच फुटतात. ट्रायटनविना क्रिया एकूण क्रियेच्या पाचव्या भागापेक्षा जास्त असेल, तर फटके जोरात पडले आहेत, पुन्हा करा. हल्ली टीएमईएम१९२ या लायसोसोमच्या पटलातल्या प्रोटीनला ओळखपट्टी जोडून चुंबकी मण्यांवर दहा मिनिटांत लायसोसोम उचलतात. वेगवान रीत आहे, पण तिथेही हीच कसोटी लावा. मणी रिकामी पटलंही तितक्याच आनंदाने धरतात.

विषय निवडताना भारतातलंही काम वाचा. हैदराबाद विद्यापीठात नदिमपल्ली शिवकुमार यांच्या गटाने पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांतले मॅनोज-६-फॉस्फेट रिसेप्टर शुद्ध केले आहेत. महागड्या यंत्रांशिवाय नेटकं प्रोटीनकाम कसं करावं, ते त्यातून शिकायला मिळतं.

निदानकक्ष

निदानाकडे वळायचं असेल, तर एवढी भर घालते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली निवडलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे, आणि २०२२ पासून मान्यताप्राप्त केंद्रातल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्या अर्जामागे पक्कं निदान लागतं. म्हणून प्रकल्पाच्या वहीत प्रत्येक नमुन्यापुढे पाच नोंदी ठेवायची सवय आत्ताच लावा: रक्त काढल्याची वेळ, पेशी वेगळ्या केल्याची वेळ, गोळीचा रंग, बीटा-गॅलॅक्टोसिडेजचा आकडा, आणि त्याच प्लेटवरच्या निरोगी नमुन्याचा आकडा. निरोगी नमुने वयाने जवळचे असू द्या. तीन वर्षांच्या मुलाची तुलना प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांच्या रक्ताशी करून काढलेली सीमा वापरू नका.